फुकटाचं बिल कुणाच्या नावावर फाटतं?

मोठा सिनेमा शुक्रवारी लागतो आणि शनिवारी सकाळी त्याची ‘लिंक’ गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या फुलांबरोबर येऊन पडते. मग नेहमीची बातमी: सिनेमा लीक झाला, निर्मात्याचं कोट्यवधींचं नुकसान, पोलिसांत तक्रार. बातमी तिथेच संपते. पण याच चोरीने गेल्या ४०-५० वर्षांत आणखी एक गोष्ट घडवली आणि तिची बातमी कधी होत नाही. सॉफ्टवेअर, गाणी, सिनेमे, क्लासचे व्हिडिओ आपल्याला ज्या रीतीने विकले जातात, ती रीतच चोरीच्या धाकाने बदलत गेली.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कुठल्याही डीटीपीवाल्याला विचारा. लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या आणि भाऊंच्या वाढदिवसाचे फ्लेक्स यांवर त्याचं पोट चालतं. त्याचं म्हणणं सरळ असतं: “भाऊ, एकदाच काय ते पैसे घ्या आणि सॉफ्टवेअर देऊन टाका. दर महिन्याला भाडं कसलं?” प्रश्न रास्त आहे. उत्तराचा बराचसा भाग त्याच्याच दुकानात, वरच्या फळीवरच्या जुन्या सीडींच्या डब्यात पडलेला आहे.

आधी दोन-तीन शब्द

कॉपीराइट म्हणजे एखाद्या निर्मितीची नक्कल करण्याचा, ती विकण्याचा आणि लोकांना दाखवण्याचा हक्क. आपल्याकडे त्यासाठी १९५७ चा कायदा आहे. हा हक्क कायमचा नसतो. पुस्तकाच्या बाबतीत तो लेखक गेल्यानंतर ६० वर्षं टिकतो. अमळनेरला शिक्षक असलेले साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे २०११ पासून त्यांचं लेखन कुणीही छापू शकतं. त्यांची पुस्तकं आज वेगवेगळ्या प्रकाशकांची आणि वेगवेगळ्या किमतींची दिसतात, ती म्हणूनच.

लायसन्स म्हणजे वापरण्याची परवानगी. पूर्वी दुकानातून सॉफ्टवेअरचा खोका आणला, तरी कागदोपत्री आपण सॉफ्टवेअरचे मालक होत नव्हतो. सीडी आपली, आतलं वापरायची परवानगी कंपनीची. आणि ही परवानगी नसताना केलेली नक्कल किंवा वापर म्हणजे पायरसी. एवढं पुरे.

पहिली प्रत महाग, पुढची फुकट

सगळ्या भानगडीचं मूळ एका हिशोबात आहे. सिनेमाची पहिली प्रत तयार व्हायला कोटी लागतात, दुसरीला काहीच लागत नाही. सॉफ्टवेअरचंही तेच. शंभर माणसं दोन वर्षं राबतात तेव्हा पहिली प्रत निघते, पुढची पेनड्राइव्ह लावला की निघाली. दुकानदाराला कापडाचा दर ठरवताना खरेदीचा भाव माहीत असतो आणि त्याखाली तो जाऊच शकत नाही. इथे प्रत्येक प्रतीचा खरेदीभाव जवळजवळ शून्य. त्यामुळे किंमत २,००० ठेवा नाहीतर २ लाख, ती अंदाजपंचेच ठरते. चोर त्याच शून्य भावात विकतो आणि पहिल्या प्रतीचा खर्च त्याच्या डोक्यावर नसतो. किमतीच्या लढाईत त्याला हरवणं अशक्य.

मग विकणाऱ्याने करायचं काय? आजवर झालेले सगळे प्रयोग दोन वाटांनी गेले. एक, नक्कल अवघड करा. दोन, पैसे प्रतीवर घेऊच नका, दुसरीकडून घ्या. पहिली वाट बहुतेकांची फसली. आजचा सगळा बाजार दुसऱ्या वाटेवर उभा आहे.

लॉकचा जमाना

३ फेब्रुवारी १९७६ ला बिल गेट्सनी संगणकाच्या हौशी मंडळींना एक जाहीर पत्र लिहिलं. मायक्रोसॉफ्ट तेव्हा अगदी नवी होती. ऑल्टेअर नावाच्या संगणकासाठी त्यांनी ‘बेसिक’ ही भाषा तयार केली होती. पत्रातली तक्रार अशी: ती वापरणारे पुष्कळ, पण संगणकाच्या मालकांपैकी १० टक्क्यांहून कमी लोकांनी ती विकत घेतली, बाकीच्यांनी चोरली. घरगुती संगणकाचा धंदा जेमतेम रांगत होता तेव्हाची ही गोष्ट आहे. म्हणजे आधी बाजार होता आणि मग चोर आले, असं झालेलंच नाही. दोघं एकत्रच वाढले.

आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांनी या लढाईची एक फेरी अगदी जवळून पाहिली. मराठी टायपिंगची पॅकेजं लॉकसह यायची. संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला, पुढच्या काळात यूएसबीला लावायचा तो छोटा तुकडा. लॉक काढलं की मराठी बंद. दुकानात तीन संगणक आणि लॉक एकच असेल, तर मराठी मजकूर एकाच संगणकावर टाइप व्हायचा आणि बाकी दोघांवर नुसती सजावट. काही मालक रात्री दुकान वाढवताना लॉक काढून गल्ल्यात ठेवत, कारण दुकानातली सगळ्यात महाग आणि सगळ्यात लहान वस्तू तीच. लगीनसराईत लॉक बिघडलं, तर नवं येईपर्यंत पत्रिकांचं काम शेजारच्याकडे जाणार. आणि शेजाऱ्याकडे क्रॅक, म्हणजे लॉक फोडलेली आवृत्ती, बिनबोभाट चालत असे.

लॉकच्या सगळ्या प्रयोगांचं दुखणं हेच. कुलूप अडवतं ते पैसे भरलेल्या माणसाला. चोराकडे पोचते ती आधीच कुलूप काढलेली वस्तू. २००५ साली सोनी बीएमजी या संगीत कंपनीने तर कहर केला. तिच्या काही सीडी संगणकात घातल्या की नक्कल रोखणारा एक छुपा प्रोग्राम गुपचूप आत शिरायचा आणि त्यामुळे संगणकाची सुरक्षाच धोक्यात यायची. बोभाटा झाला, सीडी परत मागवाव्या लागल्या, खटले झाले. ज्याने गाणी चोरून उतरवली होती त्याच्या संगणकाला काही झालं नाही. ज्याने दुकानात जाऊन रोख पैसे मोजले, तो अडकला.

मराठी टंकांचं, म्हणजे फॉन्टचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. युनिकोड आलं, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी अक्षरं ओळखली जातील अशी सगळ्यांची एकच सांकेतिक पद्धत. आज ‘एक टाइप’ या मुंबईच्या संस्थेचा ‘मुक्ता’सारखा सुरेख देवनागरी टंक कायदेशीर परवान्यासह फुकट मिळतो, व्यवसायात वापरला तरी चालतो. तो चोरायचा प्रश्नच उरला नाही. टंक घडवणाऱ्यांना पैसा एखाद्या कंपनीसाठी किंवा ब्रँडसाठी खास टंक करून देण्यातूनही मिळतो. दुसऱ्या वाटेचं हे जवळचं उदाहरण.

‘चोरायचंच असेल तर आमचं चोरा’

हे मी म्हणत नाही. १९९८ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठात विद्यार्थ्यांपुढे बोलताना बिल गेट्सच या अर्थाचं बोलून गेले. विषय चीनचा होता. तिथे लाखो संगणक विकले जातात आणि सॉफ्टवेअरचे पैसे कुणी देत नाही, पण आज ना उद्या देतील. तोवर चोरणारच असतील तर आमचंच चोरू देत, एकदा सवय लागली की पैसे कसे वसूल करायचे ते पुढच्या दहा वर्षांत बघू. १९७६ चं ते चिडलेलं पत्र आणि हे बोलणं एकाच माणसाचं. मधल्या २२ वर्षांत धंदा शिकून झाला होता.

यात गोम अशी की सॉफ्टवेअर नुसतं वापरायचं नसतं, ते शिकावं लागतं. महाराष्ट्रात एमएस-सीआयटी केलेल्या पोरापोरींनी विंडोज, वर्ड, एक्सेल गिरवलं. घरी संगणक आला तेव्हा जोडून देणाऱ्याने विंडोज ‘टाकून’ दिलं. कुठलं टाकलं, बिल कुठंय, कुणी विचारलं नाही. हीच मुलं पुढे बँकेत, कारखान्यात, जिल्हा परिषदेत लागली. तिथे वेगळं काही शिकवायची कुणाची तयारी नव्हती, म्हणून संस्थेने परवाने विकत घेतले. घरच्या फुकट प्रतीची किंमत ऑफिसच्या बिलातून वसूल झाली. विद्यार्थ्याच्या दारात कंपनीचा माणूस कधी येत नाही, वकिलाची नोटीस जाते ती ५० संगणकांच्या फर्मला. यामागे कुणी ठरवून आखलेला डाव असेलच असं नाही. पण ज्याच्याकडून वसूल होईल त्याच्यामागे लागायचं, हे धंद्याचं साधं गणित आहे.

हाच विचार उघडपणे आणि कायदेशीरपणे केला की त्याला फ्री व्हर्जन म्हणतात. बंगळुरूच्या टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं उदाहरण मला फार आवडतं. आपल्याकडे कॉमर्सच्या मुलाने टॅली शिकलेलीच असते. परवाना नसेल तर टॅली ‘एज्युकेशनल मोड’मध्ये उघडते. सगळं शिकता येतं, फक्त व्हाउचरवर महिन्याची पहिली, दुसरी आणि शेवटची तारीख सोडून इतर कुठलीही तारीख टाकता येत नाही. त्यामुळे क्लासमध्ये बसलेल्या मुलांच्या वह्यांमधला व्यापारी महिन्याच्या सुरुवातीलाच सगळा माल घेतो, विकतो, भाडं भरतो आणि मग थेट शेवटच्या तारखेला पगार वाटतो. शिकण्यापुरतं पूर्ण, दुकान चालवायला निरुपयोगी. ज्याला धंद्यासाठी हवी, तो विकत घेईल. कुलूप लावलंय, पण अगदी नेमक्या जागी.

फाइली आवळून लहान करणाऱ्या विनरारची ४० दिवसांची चाचणी मुदत संपल्यावरही चालूच राहते. विंडोज १० परवान्याशिवाय चालतं, फक्त कोपऱ्यात एक फिकट ओळ टोचत राहते आणि वॉलपेपर सेटिंगमधून बदलू देत नाही. सायबर कॅफेत ती ओळ पाहून आता कुणाला काही वाटत नाही, इतकी ती अंगवळणी पडली आहे.

या सगळ्यात खरा फटका कुणाला बसला असेल, तर जे मुळातच मोफत आहे त्याला. चित्रं आखायला इंकस्केप आहे, फोटोसाठी गिंप आहे, कार्यालयीन कामाला लिब्रेऑफिस आहे, संगणक चालवायला लिनक्स आहे. हे सगळं कायद्याने फुकट. पण ज्या बाजारात कोरलड्रॉ आणि फोटोशॉपही ‘फुकट’च मिळतं, तिथे इंकस्केपच्या फुकटपणाला कोण विचारणार? दोन्हीची किंमत शून्य असेल तर माणूस ओळखीचंच घेणार. फ्लेक्स छापणारा फाइल कोरलमध्ये मागतो, शिकवणारा कोरल शिकवतो, नोकरीच्या जाहिरातीत कोरल येणाऱ्याला प्राधान्य. चोरीने मोठ्या कंपनीचं जेवढं नुकसान केलं, त्याहून मोठी सेवा तिने या कंपन्यांच्या मक्तेदारीची केली, असं माझं मत आहे. केरळच्या सरकारी शाळांनी लिनक्स स्वीकारून तिथली एक पिढी त्यावर शिकवली. आपल्याकडे हा प्रश्न गंभीरपणे पुढे आलाच नाही, कारण टाकून देणारा होता.

विकणं बंद, भाडं सुरू

आता डीटीपीवाल्याच्या प्रश्नाकडे.

मे २०१३ मध्ये अडोबीने जाहीर केलं की फोटोशॉप वगैरेंच्या नव्या आवृत्त्या यापुढे खोक्यात मिळणार नाहीत. २०१२ ची सीएस६ ही शेवटची. तिचा सगळ्यात मोठा संच अमेरिकेत २,५९९ डॉलरला होता. आता दरमहा पैसे भरा आणि वापरा, पैसे थांबले की सॉफ्टवेअर थांबलं. यालाच सबस्क्रिप्शन म्हणतात.

हे कपाशी लावणाऱ्याला चटकन कळेल. सरळ वाणाची सरकी घरची ठेवून पुढच्या वर्षी पेरता यायची. १९७० साली आपल्या शेजारच्या सुरतेतून एच-४ आलं, जगातलं पहिलं व्यापारी संकरित कपाशीचं वाण. उत्पन्न वाढलं, पण हायब्रीडची सरकी पुन्हा पेरली तर झाडं एकसारखी येत नाहीत, उतारा घटतो. कायद्याने शेतकऱ्याचा हात कुणी धरला नव्हता. बियाण्याची जातच अशी की दर हंगामाला नवं पाकीट घ्यावं लागतं. सबस्क्रिप्शनने सॉफ्टवेअरला हायब्रीड केलं. नक्कल करायची तर करा, पण कंपनीच्या सर्व्हरशी बोलल्याशिवाय ती नीट चालणार नाही आणि पुढच्या वर्षीची सुधारणा तिला मिळणार नाही. निम्मं काम आता ‘क्लाउड’वर, म्हणजे कंपनीच्या संगणकांवर होतं. त्या संगणकाची प्रत पेनड्राइव्हवर येत नाही.

भाडेपद्धत केवळ चोरीमुळे आली, असं म्हणणं मात्र भाबडेपणाचं होईल. जुनी आवृत्ती नीट चालत असेल तर माणूस नवी घेत नाही. दहा-दहा वर्षं तेच कोरल वापरणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. दरमहा ठरलेलं उत्पन्न येत राहिलं की शेअर बाजारही खूश. म्हणजे पायरसी हे एक कारण आणि सांगायला सोयीचं कारण. पण वस्तू विकून मोकळं होण्यातला धोका कंपन्यांना पायरसीनेच आधी शिकवला.

नवशिक्याला एकरकमी लाखभर रुपये घालण्यापेक्षा महिन्याला थोडे देणं परवडतं, काम नसेल त्या महिन्यात बंद करता येतं. हा फायदा खरा आहे. पण पाच वर्षं भाडं भरलं तरी हातात काही उरत नाही, हेही तितकंच खरं. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांनी पैसे देऊन घेतलेली दोन ई-पुस्तकं त्यांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकली. विकणाऱ्याकडे त्यांचे हक्कच नव्हते, हे कारण. पैसे परत केले, पण तुमच्या कपाटातलं पुस्तक दुकानदार येऊन घेऊन जाऊ शकतो हे लोकांना तेव्हा कळलं. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आला: जे कायमचं देत नाही, त्यावर ‘विकत घ्या’ असं बटण लावायचं असेल तर ही फक्त परवानगी आहे हे स्पष्ट सांगा.

“स्वस्त केलं तर कोण चोरेल?”

ही शंका सगळ्यात जास्त वेळा येते. गाणी आणि सिनेमांनी तिचं उत्तर बऱ्याच अंशी ‘बरोबर आहे’ असं दिलं आहे.

२००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने सिनेमाच्या अस्सल व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणल्या. रस्त्यावरच्या चोरट्या डिस्कच्याच भावात, आणि मध्येच अडकत नाही, समोरच्या खुर्चीवरून उठणाऱ्या माणसाचं डोकं पडद्यावर येत नाही. लोकांनी घेतल्या. पुढे डिस्कच इतिहासजमा झाली, तो भाग वेगळा.

गाण्यांचा प्रवास तर आपण डोळ्यांनी पाहिला. बसस्टँडसमोरच्या मोबाइल दुकानात ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’ अशी पाटी असायची. दुकानदाराच्या संगणकात फोल्डर लावलेले: हिंदी जुनी, मराठी भक्तिगीतं, अहिराणी लग्नाची, डीजे. कुठलं पाहिजे विचारून तो थोडक्या पैशांत कार्ड भरून द्यायचा. त्या पैशांतला एकही गायकाकडे जात नव्हता. ही दुकानं पोलिसांनी बंद केली नाहीत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि कार्ड भरायला जाण्यापेक्षा गाणं थेट ऐकणं सोपं झालं. पाटी आपोआप उतरली.

जगभर हेच घडलं. १९९९ साली नॅपस्टर आलं, लोक गाणी एकमेकांना फुकट देऊ लागले. २००१ मध्ये कोर्टकचेऱ्यांनी ते बंद पाडलं, पण सवय गेली नाही. संगीत उद्योगाची उलाढाल जवळजवळ दीड दशक घसरत राहिली आणि सावरली ती स्ट्रीमिंगमुळे, म्हणजे प्रत न देता थेट ऐकवण्यामुळे. पायरेट बे ही चोरीच्या फाइलींची जगप्रसिद्ध साइट स्वीडनची, आणि स्पॉटिफायही स्वीडनचंच. जिथे चोरी सगळ्यात सोपी होती, तिथेच तिच्याहून सोपी गोष्ट बनवावी लागली. व्हिडिओ गेम विकणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचे गेब न्यूएल यांचं यावरचं मत प्रसिद्ध आहे: पायरसी हा बहुतेक वेळा किमतीचा नव्हे, सेवेचा प्रश्न असतो.

भारतात किमतीचाही असतो, हे नेटफ्लिक्सला कळायला थोडा वेळ लागला. २०१६ मध्ये कंपनी आली, २०१९ मध्ये फक्त मोबाइलवर चालणारी १९९ रुपयांची योजना काढली आणि डिसेंबर २०२१ मध्ये ती १४९ वर आणली.

पण ‘स्वस्त करा’ हे उत्तर पूर्ण नाही. एक मालिका या ॲपवर, दुसरी त्या ॲपवर, क्रिकेट तिसरीकडे. प्रत्येकाचे थोडे थोडे म्हणता म्हणता महिन्याचा आकडा केबलच्या जुन्या बिलाच्या पुढे जातो, आणि टेलिग्रामची लिंक पुन्हा आठवते. सेवा बिघडली की चोरी परत येते.

अहिराणी गाणी करणाऱ्यांनी या सगळ्याला वेगळंच वळण दिलं. इथला बाजार लहान, मोठ्या कंपन्या फिरकत नव्हत्या. गाणं कार्डातून, पेनड्राइव्हवरून, डीजेच्या लॅपटॉपवरून फुकट पसरलं तेवढं पसरलं. पैसा कुठून? लग्नसराईतल्या, यात्रेतल्या कार्यक्रमांच्या सुपारीतून. गाणं ही जाहिरात आणि कार्यक्रम हा माल. आता यूट्यूबवर जाहिरातींचेही थोडे पैसे मिळतात. दुसऱ्याने तेच गाणं आपल्या नावाने चढवलं, तर यूट्यूबची २००७ पासूनची ‘कंटेंट आयडी’ व्यवस्था आवाज ओळखते आणि व्हिडिओ काढून टाकण्याऐवजी त्याच्या जाहिरातीचे पैसे मूळ मालकाकडे वळवता येतात. म्हणजे चोराने चढवलेली प्रतही मालकाचं दुकान झाली. अडचण एवढीच की ही सोय मोठ्या हक्कधारकांना सहज मिळते. एकट्या शाहिराला त्यासाठी एखाद्या संगीत कंपनीच्या किंवा वितरकाच्या छत्राखाली जावं लागतं, आणि तो आपला वाटा कापून घेतो.

“म्हणजे पायरसीने भलंच झालं म्हणायचं?”

फुकट पसरण्याचा फायदा गायकाला झाला, म्हणून चोरी योग्य ठरत नाही, कारण गाणं फुकट वाटायचं की नाही हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. कार्यक्रम करणाऱ्याला सुपारी मिळते. गीतकाराला कोण सुपारी देतो? गाणं लिहून घरी बसणाऱ्याचं उत्पन्न प्रतीवरच होतं, ते गेलं. प्रतीला किंमत उरली नाही की जो स्टेजवर जाऊ शकतो तो तगतो, बाकीच्यांनी दुसरी नोकरी बघायची.

“फुकट भेटी ऱ्हायनं तं पैसा कसाले देवाना?” हा आपल्याकडचा रोकडा सवाल. त्याचं रोकडं उत्तर असं: क्रॅक टाकताना पहिली सूचना असते, अँटिव्हायरस बंद करा. अनोळखी माणसाने बनवलेली फाइल, सगळे दरवाजे उघडून, ज्या संगणकावर गिऱ्हाइकांची आधार कार्डं स्कॅन होतात आणि स्वतःचं नेटबँकिंग चालतं त्यावर टाकायची. क्रॅक करणारा धर्मादाय चालवत नाही.

कंपन्यांच्या नुकसानीचे आकडे मात्र मीही जरा संशयानेच वाचतो. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या बीएसए या संघटनेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत भारतातलं ५६ टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना असल्याचं म्हटलं होतं. प्रमाण तेवढं असेलही. पण त्यावरून नुकसान काढताना प्रत्येक चोरलेली प्रत विकली गेली असती असं धरलं, तर हिशोब फुगतो. पारोळ्याच्या कॉलेजातला जो पोरगा क्रॅक फोटोशॉपवर मित्रांचे फोटो सजवतो, तो काही २,५९९ डॉलर भरणार नव्हता.

कायदा काय करू शकतो

कागदावर कायदा कडक आहे. कॉपीराइट भंगाला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरलं तर किमान ७ दिवस कैद, पण वापर कमाईसाठी किंवा धंद्यात नसेल, तर कोर्ट कैद टाळून केवळ दंड करू शकतं. म्हणजे घरचा विद्यार्थी आणि दुकान हा फरक कायद्यानेही केला आहे. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरची राखीव प्रत काढून ठेवायला पूर्ण मुभा आहे. २०२३ च्या दुरुस्तीने थिएटरमध्ये सिनेमा चोरून चित्रित करणाऱ्याला ३ महिने ते ३ वर्षं कैद आणि किमान ३ लाख दंड ठेवला, जो निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

गंमत म्हणजे साइट चालवणारा कोण हे माहीत नसतं, म्हणून आपल्या कोर्टात अज्ञात प्रतिवादीला ‘अशोक कुमार’ हे नाव दिलं जातं. या अशोक कुमारांविरुद्ध ढिगाने आदेश निघाले. साइट बंद केली की नावातलं एक अक्षर बदलून दुसरी उगवते. त्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये असा आदेश दिला की नव्याने उगवणाऱ्या प्रतिरूप साइटसाठी पुन्हा सगळा खटला लढवावा लागू नये. तरीही शनिवारी सकाळची लिंक येतेच.

अभ्यासिकेतल्या पीडीएफ

आपल्या भागात या विषयाची खरी झळ आता सिनेमाला नाही, स्पर्धा परीक्षांच्या धंद्याला लागते आहे. तालुक्याच्या गावांतही अभ्यासिका झाल्या. एकाने टेस्ट सिरीजचे पैसे भरायचे, पीडीएफ टेलिग्रामवर टाकायची, अख्ख्या अभ्यासिकेने सोडवायची. पोरांकडे खरंच पैसे नसतात, हे कुणी नाकारणार नाही. पण सराव पेपर काढणाराही पुष्कळदा त्यांच्यासारखाच, दोन मुख्य परीक्षा दिलेला आणि शिकवून घर चालवणारा असतो. २०२२ मध्ये एका क्लासचालक शिक्षिकेच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला आदेश दिला: त्यांचं साहित्य फुकट वाटणारे चॅनल कोण चालवतं, त्यांचे फोन नंबर आणि तपशील उघड करा. दिल्लीच्या कोर्टात वकील उभा करणं त्यांना जमलं. धुळ्यातल्या दोनशे मुलांच्या क्लासला ते परवडत नाही.

म्हणून तो क्लास सध्या तीन गोष्टी करतो. पीडीएफ देणं बंद करून स्क्रीनशॉट न घेता येणाऱ्या ॲपवर व्हिडिओ टाकतो, आणि व्हिडिओवर पाहणाऱ्याचा मोबाइल नंबर सतत तरंगत ठेवतो, म्हणजे कुणी दुसऱ्या फोनने चित्रित केलं तर नंबर सापडेल. उत्तरपत्रिका तपासणं, प्रत्यक्ष मुलाखतीची तयारी, शंकेला रात्री फोनवर उत्तर, अशा ज्या गोष्टींची प्रत निघत नाही, त्यांचे पैसे घेतो. आणि हे ॲप स्वतः बांधायची ऐपत नसल्याने कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या कंपनीचा तयार मंच भाड्याने घेतो. त्याचं भाडं विद्यार्थ्यांच्या फीमध्येच मिळवलेलं असतं. उद्या त्या कंपनीने दर वाढवले, तर त्याच्याकडे पुन्हा कागदी नोट्स छापण्याखेरीज मार्ग नाही. आणि त्या नोट्स दुपारपर्यंत झेरॉक्सच्या दुकानात पोचतात.